युगांडातल्या दोन आठवड्यांच्या वैद्यकीय शिबिराची तयारी: बडोद्याहून निघण्यापूर्वी आणि परतल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंनी बडोदा मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं, सयाजीराव रुग्णालयात इंटर्नशिप झाली आणि आता त्या एका खासगी इस्पितळात काम करतात. त्यांची मोठी बहीण स्टाफ नर्स आहे. युगांडात जिंजाजवळ भारतीय वंशाच्या एका उद्योजक कुटुंबाच्या ट्रस्टने १२ जणांचा चमू बोलावलाय. कामाचे दिवस १०. सर्वसाधारण तपासणी, मोतीबिंदू, हर्निया आणि हायड्रोसिल असा बेत. निघायला चार महिने आहेत. औषधं कोणती न्यायची, लसी कोणत्या घ्यायच्या आणि कशासाठी तयार राहायचं?

औषधांच्या यादीकडे येतोच, पण आधी ट्रस्टला एक प्रश्न लेखी विचारा: अकराव्या दिवशी आमचे रुग्ण कोण बघणार? या उत्तरावर औषधांची यादी, शस्त्रक्रियांची निवड आणि रोजचे टोकन, सगळं ठरतं. युगांडाची सरकारी आरोग्यव्यवस्था पायऱ्यांची आहे. गावपातळीवर स्वयंसेवक, मग हेल्थ सेंटर दोन, तीन आणि चार, त्यावर जिल्हा रुग्णालय, प्रादेशिक रेफरल रुग्णालय आणि शेवटी कंपालाचं मुलागो. जिंजात प्रादेशिक रेफरल रुग्णालय आहे, ही तुमच्या दृष्टीने मोठी सोय. २००१ पासून तिथल्या सरकारी केंद्रांत तपासणी फुकट आहे. त्यामुळे ‘फुकट तपासणी’ हे काही तुम्ही नव्याने नेत नाही. तिथे तुटवडा असतो तो औषधांच्या साठ्याचा, तज्ज्ञांचा आणि चालू स्थितीतल्या उपकरणांचा.

म्हणून जिल्हा आरोग्य अधिकारी आणि ज्या केंद्रात शिबिर भरणार त्याचे प्रमुख, दोघांचं पत्र मागवा. त्यात पुढच्या गोष्टी स्पष्ट हव्यात: ऑपरेशनची टेबलं किती, ऑक्सिजन सिलिंडरचा की कॉन्सन्ट्रेटरचा, रक्त कुठून आणि किती वेळात येतं, प्रयोगशाळेत काय होतं, भूल कोण देतं, आणि त्यांना स्वतःला तुमच्याकडून काय हवंय. पुष्कळदा त्यांना तपासणी शिबिर नकोच असतं. हर्नियाची साठलेली यादी हलवायची असते, किंवा बंद पडलेला सक्शन दुरुस्त करणारा माणूस हवा असतो. असं पत्र मिळतच नसेल तर जाणं पुढे ढकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागदपत्रं, कारण चार महिन्यांतला मोठा वेळ यातच जातो. तुमची नोंदणी गुजरात मेडिकल कौन्सिलची असली तरी युगांडात रुग्णाला हात लावायला युगांडा मेडिकल अँड डेंटल प्रॅक्टिशनर्स कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. बहिणीसाठी तिथल्या नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिलची वेगळी. पदवी, नोंदणी, पासपोर्ट, बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र आणि इथल्या कौन्सिलकडून ‘गुड स्टँडिंग’चा (तुमच्याविरुद्ध कारवाई नसल्याचा) दाखला अशी कागदं मागितली जातात. हा दाखला काढायला वेळ लागतो आणि त्याला मुदत असते, म्हणून फार आधीही काढू नका. निघण्याच्या दहा-बारा आठवडे आधी अर्ज करणं योग्य. व्हिसाबद्दलही ट्रस्टकडून लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर ऑपरेशन करणं म्हणजे नसती आफत. चमूतले बिनवैद्यकीय लोकही त्याच नियमात येतात.

विम्याचं असं आहे की इथली डॉक्टरांची इन्डेम्निटी (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीची) पॉलिसी बहुधा भारतापुरती असते. पॉलिसीत प्रादेशिक हद्द आणि न्यायकक्षा ही दोन कलमं वाचा आणि युगांडाचा समावेश लेखी करून घ्या. प्रवास विमा घेताना त्यात आजारी माणसाला विमानाने हलवण्याचा खर्च आहे का आणि ‘कामावर असताना झालेली इजा’ वगळलेली आहे का, हे तपासा. सुई टोचणं ही कामावरचीच इजा.

लसींमध्ये पहिली पीतज्वराची. युगांडात उतरताना पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र, लागतं आणि परतताना आपल्या विमानतळावरही. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्याकडे भरपूर आहे, विषाणू मात्र नाही. म्हणून भारत याबाबत कडक आहे. कार्ड नसलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तारीख आधी घ्यावी लागते, आणि ठरलेल्या दिवशीच कुपी फोडतात. लस जिवंत विषाणूची आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, थायमसचे विकार असतील तर ती देत नाहीत. गरोदरपणात आणि साठीनंतर आधी सल्ला घ्यायचा. चमूत ज्येष्ठ सर्जन असतील तर त्यांना हे आजच सांगा. गोवराची किंवा दुसरी जिवंत लसही घ्यायची असेल तर त्याच दिवशी घ्या, नाहीतर २८ दिवसांचं अंतर ठेवा.

हिपॅटायटिस बी सगळ्यांनी ‘कॉलेजात घेतली होती’ असं सांगून सोडू नये. अँटी-एचबीएस (लसीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची) पातळी तपासा. ती मिलिलिटरमागे १० मिली-युनिटपेक्षा जास्त हवी. ज्यांनी कधीच घेतली नाही त्यांचं ०, १, ६ महिन्यांचं वेळापत्रक चार महिन्यांत बसत नाही. त्यांनी ०, १, २ महिने असं घ्यावं आणि बारा महिन्यांनी चौथा डोस. धनुर्वात, टायफॉइड, गोवर हे नेहमीचे. रेबीजच्या पूर्वप्रतिबंधक लसीचा मात्र मी आग्रह धरेन. ० आणि ७ व्या दिवशी अशा दोन खेपा पुरतात. खेड्यात कुत्रा चावला तर इम्युनोग्लोब्युलिन मिळवणं तिथे अवघड असतं, आणि पूर्वप्रतिबंधक लस घेतली असेल तर त्याची गरज पडत नाही.

मलेरियाबाबत बडोदेकरांचा एक गोड गैरसमज असतो: आपल्याला मलेरियाची सवय आहे. ती सवय कामाची नाही. युगांडात सर्वत्र, वर्षभर, मुख्यत्वे फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार आहे, आणि तुमच्या अंगात त्याविरुद्ध भरवशाची प्रतिकारशक्ती नाही. प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्याच. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल २५०/१०० रोज एक, जेवणासोबत, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यानंतर ७ दिवसांपर्यंत. किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज, परतल्यावर ४ आठवड्यांपर्यंत. डॉक्सी भरपूर पाण्यासोबत, बसून घ्यायची, नाहीतर अन्ननलिका जळते. उन्हात त्वचाही लवकर भाजते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा असल्याने सोयीचं वाटतं, पण नैराश्य, फिट्स किंवा चिंताविकाराचा इतिहास असेल तर देऊ नये. आणि ते दोन-तीन आठवडे आधी सुरू करावं लागतं. घोटाळा होतो तो परतल्यावर: घरी आलो, बरं वाटतंय, गोळ्या बंद. यकृतातून बाहेर पडणारा जंतू नेमका त्याच काळात रक्तात येतो.

औषधं

माझा सल्ला: बडोद्यातून शक्य तितकं कमी न्या. मंगळबाजारच्या गर्दीतल्यासारखी मिळेल ते भरलेली खोकी तिथे अडचणच करतात. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत आणि त्यातली चार सूत्रं पाठच करावीत. औषध त्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत असावं, पोहोचताना त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक असावी, फुकट नमुने किंवा रुग्णांनी परत केलेली औषधं नसावीत, आणि लेबल तिथल्या लोकांना कळणाऱ्या भाषेत, मूळ नावाने असावं. एमआरनी (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींनी) दिलेल्या सॅम्पलच्या पिशव्या चौथ्याच्या आधी तिसऱ्या सूत्रातच बाद होतात.

आयातीला युगांडाच्या नॅशनल ड्रग ऑथॉरिटीची पूर्वपरवानगी लागते. प्रत्येक औषधाचं मूळ नाव, ताकद, बॅच क्रमांक, उत्पादन आणि मुदतीची तारीख, नग आणि उत्पादक अशी यादी द्यावी लागते. ती यादी आणि खोक्यातला माल जुळला नाही तर एन्टेबे विमानतळावर खोकी अडकतात आणि शिबिराचे पहिले तीन दिवस जातात. त्यापेक्षा पैसे घेऊन जा आणि कंपालाला घ्या. तिथल्या चर्चसंस्थांनी मिळून चालवलेलं जॉइंट मेडिकल स्टोअर ना-नफा तत्त्वावर औषधं विकतं, आणि त्यातलं पुष्कळ काही भारतातच बनलेलं असतं. शिवाय लेबल, पॅकिंग आणि ताकद तिथल्या नर्सच्या ओळखीची असते.

आपली जोडगोळी औषधं, म्हणजे डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल-सेराशिओपेप्टिडेज वगैरे, इथेच ठेवा. निमेसुलाइडही. बाळांच्या पॅरासिटामॉलमध्ये खरा धोका आहे. आपल्याकडे ५ मिलिलिटरमध्ये १२० आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सस्पेन्शन मिळतात, थेंब तर एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. तिन्ही एकाच टेबलावर असली की गर्दीत कोणीतरी थेंबांची मात्रा चमच्याने सांगतं. एकच ताकद ठेवा. प्रतिजैविकांत सेफिक्सिम आणि अझिथ्रोमायसिनचा आपला हात आखडता घ्या. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘वॉच’ गटात, म्हणजे जपून वापरायच्या प्रतिजैविकांत येतात. मुलांच्या न्युमोनियाला अमॉक्सिसिलिनच्या विरघळणाऱ्या २५० च्या गोळ्या, जुलाबाला ओआरएस आणि झिंक २० मिलिग्रॅम (सहा महिन्यांखालच्या बाळाला १०) १० ते १४ दिवस, याने बहुतेक काम भागतं. जंताची गोळी देण्याआधी विचारा, सरकारी मोहिमेत ती आधीच मिळालेली असते. केटामाइन, ट्रामाडॉल, डायझेपाम बॅगेत घालून निघू नका. आपल्याकडे ही औषधं एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यात आहेत. तिथल्या रुग्णालयाच्या साठ्यातूनच घ्यायची. इन्सुलिन, ऑक्सिटोसिन, सक्सिनिलकोलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, म्हणून फ्रिज आणि वीज कुठे आहे हे कळेपर्यंत तेही यादीत नको.

रक्तदाब आणि मधुमेहाबाबत जरा थांबून सांगतो, कारण शिबिरात सर्वात जास्त चांगल्या हेतूने वाया जाणारं काम इथे होतं. एकदा मोजलेला १६०/१०० बघून महिन्याच्या गोळ्या दिल्या, महिना संपला, गोळ्या संपल्या. पुढे कोणी नाही. रुग्णाला वाटतं कोर्स पूर्ण झाला, आपण बरे झालो. बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडिन असेल तर एकदम थांबल्याने दाब उसळूही शकतो. दोन वेगळ्या दिवशी मोजा. औषध तेच द्या जे जवळच्या हेल्थ सेंटरमध्ये पुढेही मिळतं. आणि त्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, गाव, आकडा, पुढची तारीख तुम्ही असतानाच चढलेली बघा. त्या केंद्रात औषध नसेल तर आकडा लिहून दिलेला कागद आणि मीठ-तंबाखूबद्दलचं दुभाष्यामार्फत नीट समजावलेलं बोलणं, एवढंच प्रामाणिक काम आहे.

रोजची ओपीडी

दुभाष्यामार्फत एका रुग्णाला आठ ते दहा मिनिटं लागतात. सहा तासांची ओपीडी म्हणजे ३६० मिनिटं, एका डॉक्टरला ४० रुग्ण. चार डॉक्टर असतील तर १६०. टोकनही १६० च वाटायचे. ट्रस्टला ५०० चा आकडा बॅनरवर हवा असतो. तो दबाव पहिल्याच बैठकीत नाकारा, कारण ५०० रुग्ण म्हणजे प्रत्येकी तीन मिनिटांच्या आत, आणि तेवढ्यात फक्त गोळ्या वाटता येतात. रांगेत उभ्या गरोदर बाया, ताप आलेली लहान मुलं आणि धाप लागलेली माणसं पुढे घ्यायला एक नर्स वेगळी ठेवा. तुमच्या बहिणीला हेच काम द्या. त्यात अनुभव लागतो.

भाषेकडे लक्ष द्या. जिंजाच्या बाजूला लुसोगा बोलतात, कंपालाभोवती लुगांडा, उत्तरेत अचोली. दुभाषा रुग्णाच्या नात्यातला नको, मूल तर नकोच. त्याला आदल्या दिवशी तासभर शिकवा: रुग्ण जे बोलेल ते ‘मी’ करूनच सांगायचं, स्वतःचं मत घालायचं नाही, गुप्त ठेवायचं. औषध दिल्यावर रुग्णाकडून परत वदवून घ्या. पाकिटावर सूर्य आणि चंद्राची चित्रं काढलीत तर न वाचणाऱ्यालाही वेळ कळते.

कंपाला-जिंजाच्या दुकानांत गुजराती सर्रास ऐकू येतं. १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला, त्यात गुजरातीभाषक मोठ्या संख्येने होते. पुढे कित्येक परतले. आपलेपणा मिळतो, जेवणाची सोय होते, हे चांगलंच. पण नकळत ओपीडीचा पहिला तास यजमानांच्या ओळखीच्या लोकांना जातो. त्यांच्यासाठी संध्याकाळी वेगळी वेळ ठेवा. याहून गंभीर बाब अशी की रुग्णांत यजमानांच्या कारखान्यातले किंवा मळ्यातले कामगार असतील. मालकाने बोलावलेल्या डॉक्टरला कामगार ‘नको’ म्हणू शकत नाही. म्हणून नोंदणीच्या टेबलावर कारखान्याचा माणूस बसवू नका. एचआयव्ही, क्षय, गर्भधारणा यांचे निकाल ट्रस्टच्या कोणत्याही यादीत जाता कामा नयेत. मालकाला द्यायचा अहवाल फक्त एकूण आकड्यांचा.

आता वैद्यकीय फरक. आपल्याकडे व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराला क्लोरोक्विन ही हाताची सवय असते. तिथे ती चालणार नाही. साध्या फाल्सिपेरमला आर्टिमेथर-लुमेफॅन्ट्रिन, ३५ किलोपासून पुढे चार गोळ्या दिवसातून दोनदा, तीन दिवस, एकूण २४. ५ ते १४ किलोला प्रत्येक वेळी एक, १५ ते २४ ला दोन, २५ ते ३४ ला तीन. दूध किंवा तेलकट खाण्यासोबत, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. इथे फाल्सिपेरमला वापरतो ते आर्टेसुनेट-एसपी (सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) तिथे नेऊ नका, एसपीला प्रतिकार फार आहे. किट टेस्टचा एचआरपी-२ (मलेरियाच्या जंतूचं प्रथिन ओळखणारा) भाग उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकतो, म्हणून नुकताच उपचार झालेल्या मुलाचा ताप केवळ पट्टीवरून पुन्हा मलेरिया ठरवू नका. रक्ताची काच बघा, आणि छाती, कान, लघवी तपासा.

तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं मूल आलं की आपला हात सलाइनच्या बोलसकडे, म्हणजे भराभर सोडायच्या मोठ्या मात्रेकडे जातो. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून जास्त मुलांवर झालेल्या ‘फीस्ट’ चाचणीत बोलस दिलेल्या गटांत ४८ तासांतले मृत्यू सुमारे १०.५ टक्के होते, न दिलेल्या गटात ७.३. रक्तक्षय आणि मलेरिया असलेल्या मुलात भराभर सलाइन सोडणं घातक ठरतं. जुलाबाने सुकलेलं मूल किंवा भाजलेलं मूल ही गोष्ट वेगळी. ती त्या चाचणीत नव्हती. अशा वेळी तिथल्या क्लिनिकल ऑफिसरचं (डॉक्टर नसला तरी रुग्ण तपासून उपचार करणाऱ्या प्रशिक्षित कर्मचाऱ्याचं) ऐका. त्याने या मुलांची गाठ रोज घेतलेली असते.

सिकल सेल तुम्हाला नवा नाही. छोटाउदेपूर, नर्मदा, दाहोदच्या आदिवासी रुग्णांमुळे बडोद्याच्या डॉक्टरला तो माहीत असतो. पण आपल्याकडच्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त राहतं आणि आजार बऱ्याचदा सौम्य असतो. आफ्रिकेतले प्रकार जास्त तीव्र असतात. पाच वर्षांखालचं मूल, फिकट, प्लीहा वाढलेली, असं दिसलं की इथल्या अनुभवावरून ‘थांबून बघू’ म्हणू नका. हर्नियासाठी आलेल्या मुलाची सिकल तपासणी केल्याशिवाय भूल नको. जबड्यात झपाट्याने वाढणारी गाठ दिसली तर दातांच्या डॉक्टरकडे पाठवू नका. बर्किट लिम्फोमा हा विकार डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये युगांडातल्याच मुलांत वर्णन केला. त्या मुलाला त्याच दिवशी रेफर करायचं. आणि व्हिक्टोरिया सरोवरात किंवा जिंजाला नाईलच्या पाण्यात तुम्ही स्वतः पाय घालू नका. गोगलगायींमार्फत पसरणारा शिस्टोसोमा त्वचेतून आत शिरतो. लघवीत किंवा शौचातून रक्त, मोठं यकृत असे रुग्ण याचेच असू शकतात. उपचार प्राझिक्वांटेल, किलोला ४० मिलिग्रॅम.

शस्त्रक्रिया

शस्त्रक्रियेच्या वेळापत्रकात शेवटचे चार दिवस नवी केस घ्यायची नाही. मोतीबिंदूनंतरचा डोळ्यातला संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात दिसतो. नवव्या दिवशी ऑपरेशन आणि अकराव्या दिवशी तुमचं विमान, असं झालं तर तो डोळा गेलाच समजा. डोळ्यातून नमुना घेऊन आत व्हॅन्कोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये, हे कोण करणार त्याचं नाव आणि फोन आधी ठरवा. औषधंही तिथे ठेवा.

फेकोच्या (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडणाऱ्या) मशीनचा मोह टाळा. छोट्या छेदाची हाताने करायची पद्धत, कडक पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिकचं) भिंग, एचपीएमसी हे डोळ्यात भरायचं जेल आणि ट्रायपॅन ब्लू हा रंग एवढ्यावर पिकलेला मोतीबिंदू उत्तम निघतो. बायोमेट्री, म्हणजे भिंगाचा नंबर ठरवायला डोळ्याचं मोजमाप, मात्र हवीच. सगळ्यांना २१ नंबरचं भिंग बसवणं म्हणजे पुष्कळांना चष्म्याशिवाय धूसर नजर देणं. ४० ऑपरेशनसाठी १६ ते २६ नंबरची साठ-सत्तर भिंगं न्या, २० ते २३ जास्त. एका रुग्णाचा एकच डोळा, जास्त खराब असलेला. निवडताना बाहुलीची प्रतिक्रिया, प्रकाशाची दिशा, डोळ्याचा दाब आणि अश्रुपिशवी तपासा. आफ्रिकी वंशाच्या लोकांत काचबिंदू जास्त आणि लवकर होतो. मोतीबिंदूमागे मेलेली नस असेल तर ऑपरेशन यशस्वी होऊनही दिसणार नाही, आणि गावात बोलबाला होतो की भारतातून आलेल्यांनी डोळा घालवला. सुरुवातीला ५ टक्के पोविडोन आयोडीन डोळ्यात टाकून तीन मिनिटं खरोखर थांबा. शेवटी सेफ्युरॉक्सिम १ मिलिग्रॅम आत.

हर्निया-हायड्रोसिलला भुलीचं गणित फळ्यावर लिहून ठेवा: साधं लिग्नोकेन किलोला ३ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला १ टक्क्याचं १५ मिलिलिटर, २ टक्क्यांचं फक्त साडेसात. एका दिवशी दोन वेगवेगळ्या ताकदीच्या कुप्या टेबलावर नकोत. भुलीच्या औषधाची विषबाधा झाली तर उतारा म्हणून २० टक्के लिपिडची एक बाटली हाताशी असू द्या. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची १९ मुद्द्यांची सुरक्षा यादी प्रत्येक केसला मोठ्याने वाचा. अनोळखी चमू, अनोळखी भाषा, डावा-उजवा हर्निया: बाजू चुकायला एवढं पुरतं.

ऑटोक्लेव्हबद्दल क्वचितच कोणी सांगतं. जिंजा समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे, बडोदा समुद्रसपाटीच्या जवळ. तिथे पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं आणि हवेचा दाब सुमारे २ पीएसआयने (चौरस इंचावर पौंड हे दाबाचं माप) कमी असतो. कुकरसारख्या छोट्या ऑटोक्लेव्हवर १५ पीएसआय दिसलं तरी आत १२१ अंश झालेले नसतात, ११९ च्या आसपास असतात. दाब १७ पर्यंत नेता येत असेल तर न्या. शिटीचं वजन १५ लाच ठरलेलं असेल तर गुंडाळलेल्या पॅकला ३० ऐवजी ५० मिनिटं द्या. आतली हवा आधी पूर्ण निघू द्या आणि ओला निघालेला पॅक निर्जंतुक मानू नका. बाहेरची पट्टी काळी झाली म्हणजे पॅक उष्णतेतून गेला एवढंच कळतं. आत केमिकल इंडिकेटर ठेवा. वीज २४० व्होल्ट, ५० हर्ट्झ म्हणजे आपली उपकरणं चालतात, पण प्लगला तीन चौकोनी पिना लागतात. मायक्रोस्कोप आणि सक्शनला ॲडाप्टर लावू नका, ढिला पडून ठिणग्या येतात; तिथल्या वायरमनकडून प्लगच बदलून घ्या. बॅटरीवरचे हेडलाइट आणि मायक्रोस्कोपचा जादा बल्ब हवाच.

सुई टोचली तर: हात लगेच साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, ब्लीच लावू नका. युगांडात प्रौढांपैकी साधारण शंभरात पाच जण एचआयव्हीबाधित आहेत. बाधित रक्ताच्या सुईने लागण होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे घाबरून जाण्याची गरज नाही, पण उशीरही करायचा नाही. टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्ह्युडिन ३००, डोल्युटेग्राविर ५० अशी एकत्रित गोळी शक्यतो दोन तासांत, ७२ तासांच्या आत नक्की, आणि पुढे २८ दिवस रोज. लोह, कॅल्शियम, अँटासिड तिच्यासोबत घेऊ नका. रुग्णाची संमती घेऊन त्याची तपासणी करा. चमूपुरत्या दोन संपूर्ण कोर्सच्या गोळ्या, कोणाच्या बॅगेत आहेत हे सर्वांना माहीत असलेल्या, सोबत असू द्या. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद. दिवसाअखेर मोजून रुग्णालयाच्या भट्टीतच जाळायचा, उघड्या खड्ड्यात नाही.

इथे जे करायची तुम्हाला परवानगी नाही ते तिथेही करू नका. चमूतल्या इंटर्नला ‘शिकायला मिळेल’ म्हणून हर्निया उघडायला देणारे वरिष्ठ भेटतात. त्यांना नाही म्हणण्याचं धाडस ठेवा. मुलांचे चेहरे, जखमा, ऑपरेशनचे फोटो फोनवर टाकायचे नाहीत.

निघण्याच्या महिनाभर आधी हाच चमू, हीच खोकी, हेच केसपेपर घेऊन छोटाउदेपूरकडे एका दिवसाचं तपासणी शिबिर घ्या, तिथल्या सामूहिक आरोग्य केंद्राच्या संमतीने. भिली किंवा राठवी बोलणारा दुभाषा घ्या. टोकनचा हिशेब कुठे चुकतो आणि कोणत्या खोक्यात काय नाही, ते दुपारपर्यंत कळतं.

शेवटचे दोन दिवस फक्त हस्तांतरणाचे. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांची यादी, फोन नंबर, टाके काढायची तारीख, भिंगाचा नंबर, पाठवलेल्या बायोप्सीचे क्रमांक, असं एक रजिस्टर तिथल्या प्रमुखाच्या हाती द्या आणि प्रत तुमच्याकडे ठेवा. उरलेली औषधं यादीसह, केंद्राच्या फार्मासिस्टची सही घेऊन. निघताना एक पेशंट कोणाच्याही नावावर नसेल असं होता कामा नये.

परतल्यावर गोळ्या चालू ठेवा. तीन महिन्यांत कधीही ताप आला तर बडोद्याच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की युगांडाहून आलोय, नाहीतर पावसाळ्यात तो डेंग्यू समजला जातो. रक्ताची काच आणि किट, निगेटिव्ह आली तरी १२ ते २४ तासांनी पुन्हा, असं तीनदा. तिथे २०२२ आणि २०२५ मध्ये इबोलाच्या सुदान प्रकाराची साथ आली होती. तशी साथ चालू असताना परतलात तर २१ दिवस रोज तापमान नोंदवायचं आणि ताप आला तर आधी फोन करायचा, थेट ओपीडीत जायचं नाही. पाण्यात उतरलाच असाल तर सहा ते बारा आठवड्यांनी शिस्टोसोमाची रक्ततपासणी. सुई टोचली असेल तर एचआयव्ही चाचणी सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने.

आणि जिंजाला फोन ठरवून घ्या: एका आठवड्याने, ३० दिवसांनी, सहा आठवड्यांनी. जखम चिघळलेले किती, हर्निया परत आलेले किती, मोतीबिंदूत ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसणारं ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं किती जणांना दिसतं. चष्म्यासह शंभरात किमान ९० जणांना तेवढं दिसावं आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे पाचांहून कमी असावेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. सहा आठवड्यांनी चष्म्याचे नंबर काढायला माणूस आणि चष्म्यांचे पैसे दोन्ही ट्रस्टकडून आधीच बाजूला काढून ठेवा, कारण पुढच्या वर्षीच्या शिबिराचं बोलणं सुरू झालं की मागच्या वर्षीच्या चष्म्यांसाठी निधी उरत नाही.